उकर्डा, धोंडू, नकुशा: विचित्र वाटणाऱ्या नावांचा अर्थ कसा लावायचा

मागच्या उन्हाळ्यात आजोबांच्या शेताची वारस नोंद करायला आम्ही सगळी चुलत-आते भावंडं वऱ्हाडात गावी जमलो होतो आणि जुना सातबारा, फेरफार, कुठल्या कुठल्या नकला असं सगळं ओसरीवर पसरून बसलो होतो. आमच्या आजोबांचं नाव उकर्डा. गावात सगळे त्यांना दादाजी म्हणायचे त्यामुळे आमच्या पिढीतल्या अर्ध्या लोकांना त्यांचं खरं नाव तेव्हाच पहिल्यांदा कळलं, आणि माझा एक चुलतभाऊ जरा ओशाळून म्हणाला की प्रतिज्ञापत्रात उत्तमराव लिहू ना, उकर्डा म्हणजे उकिरडाच ना, स्वतःच्या पोराला असं नाव कोण ठेवतं.

आजी खाटेवर बसून सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "त्यायच्या आंधी तीन लेकरं गेली होती. मंग माह्या सासूनं त्यायले उकिरड्यावर ठेवलं." एवढंच बोलली आणि परत अडकित्ता चालू.

मग हळूहळू विचारून विचारून पूर्ण गोष्ट निघाली. बाळ झालं की त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीला आधीच सांगून ठेवलेलं असायचं, ती तिकडून यायची, "अगं बाई, हे कुणाचं लेकरू इथं टाकलंय" म्हणत उचलायची आणि आपल्या घरी घेऊन जायची. मग खऱ्या आईनं तिच्या दारात जाऊन सूपभर जवारी देऊन ते लेकरू विकत आणायचं. म्हणजे आता ते या घरात जन्मलेलं राहिलं नाही, ते उकिरड्यावर सापडलेलं आणि शेजारणीकडून विकत घेतलेलं झालं. या घरातली तीन लेकरं ज्यानं नेली तो चौथ्याला शोधत आला तर त्याला इथं या घरचं लेकरू सापडणारच नाही. आणि फसवणूक पक्की व्हावी म्हणून नावही तसंच. उकर्डा.

हे ऐकल्यापासून मी असल्या नावांच्या मागेच लागलो, आणि जे कळलं ते सोप्या भाषेत इथं मांडतोय, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वंशावळीत असं एखादं नाव असतं आणि आपण ते लपवतो तरी किंवा त्याला हसतो तरी.

पहिली गोष्ट म्हणजे नावाचा शब्दकोशातला अर्थ वेगळा आणि ते नाव त्या बाळाला का ठेवलं हा अर्थ वेगळा. उकर्डाचा शब्दकोशातला अर्थ कचऱ्याची जागा, पण ठेवण्याचा अर्थ "हे लेकरू जगू दे". दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिका, नथू ही सगळी नावं याच घरातली. दृष्ट सुंदर वस्तूला लागते, मोलाच्या वस्तूला लागते, मग आपलं लेकरू बिनमोलाचं आहे असं जगाला सांगायचं. दगडाला कोण नजर लावणार, केराला कोण हात घालणार? भिका म्हणजे भीक मागून मिळालेला, काही घरांत आई खरोखर पाच घरी पदर पसरून धान्य किंवा जुनेर मागून आणायची आणि बाळाला त्या मागून आणलेल्या कपड्यात गुंडाळायची. नथू म्हणजे ज्याचं नाक टोचलंय तो, मुलगे वाचत नसले की नवीन मुलाचं नाक टोचून त्यात बारीक वाळी घालायची, मुलगी वाटावी म्हणून.

आज आपल्याला हे अंधश्रद्धा वाटतं आणि ती आहेच, पण त्या काळचा हिशोब डोळ्यासमोर ठेवा. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या साधारण दर पाच मुलांमागे एक मूल वर्षाचं व्हायच्या आत जायचं. देवीची साथ, गोवर, हगवण, धनुर्वात, आणि डॉक्टर वीस कोसांवर. बाईच्या हातात औषध नव्हतं, लस तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती, तिच्याकडे फक्त एक शब्द होता, तोच तिनं वापरला. मला तर वाटतं की राजकुमार वगैरे अर्थाच्या कुठल्याही नावापेक्षा केरू या नावात जास्त माया आहे.

आणि ही नावं फक्त गोरगरिबांची किंवा अडाण्यांची होती असंही नाही. टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे, एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती आणि खगोलाचे अभ्यासक, ते केरो लक्ष्मण छत्रे, लोकांचे केरूनाना. पुण्याच्या ज्या गणपतीपुढे देशभरातून माणसं येतात तो एका हलवायाच्या नावाने ओळखला जातो, आणि त्या हलवायाचं नाव दगडूशेठ. रोज हजारो लोक दगडूशेठ म्हणतात, त्यात दगड आहे हे कुणाला जाणवत सुद्धा नाही, इतकं ते नाव मानाचं झालंय.

हा प्रकार मराठीपुरता नाही हे कळलं तेव्हा तर मला फारच भारी वाटलं. तमिळमध्ये कुप्पुस्वामी नाव असतं, त्यातला कुप्पै म्हणजे कचरा, तिकडेही बाळाला केरात लोळवायची रीत होती. तेलुगूत पेंटय्या, पेंट म्हणजे शेणाचा-केराचा ढीग, म्हणजे आमच्या उकर्डाचा सख्खा भाऊच. पंजाबात घसीटा, म्हणजे जमिनीवरून फरफटत नेलेला. बंगालीत तीनकोडी आणि पाचकोडी, म्हणजे तीन कवड्यांना किंवा पाच कवड्यांना विकत घेतलेला. आमच्याकडे सूपभर जवारी, तिकडे तीन कवड्या, भाव वेगळा आणि सौदा तोच. एवढ्या वेगवेगळ्या भाषांतल्या आयांनी एकच युक्ती केली.

आता धोंडू हे नाव जरा नीट बघू, कारण नावाचा अर्थ लावताना माणूस कुठं चुकतो ते यात दिसतं. धोंडू म्हटलं की आपण लगेच म्हणतो धोंडा, दगड, विषय संपला. पण या नावाला तीन दारं आहेत. एक दार हे दगडाचं, वर सांगितलं ते. दुसरं दार अधिक महिन्याचं. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक जादा महिना येतो, त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला बोलावून धोंड्याचं वाण देतात, तेहतीस अनारसे देतात, तो महिना. या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू, धोंडीराम आणि मुलीला धोंडाबाई म्हणायची पद्धत गावोगाव होती. म्हणजे इथं दृष्टीचा काही संबंध नाही, ती नुसती जन्माची नोंद आहे, कॅलेंडर नव्हतं म्हणून नावातच तारीख लिहून ठेवली. आणि तिसरं दार काशीचं, तिथं विश्वनाथाच्या देवळाजवळ धुंडिराज गणपती आहे, त्याच्यावरून धुंडिराज हे नाव. भारतात पहिला पूर्ण लांबीचा मूकपट काढणारे दादासाहेब फाळके यांचं नाव धुंडिराज गोविंद, जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. लिहिताना धुंडिराज आणि हाक मारताना धोंडू असंही चालायचं. त्यामुळे तुमच्या पणजोबांचं नाव धोंडू असेल तर त्यांच्या आधीची भावंडं गेली होती, की ते अधिक महिन्यातले होते, की घरात गणपतीची उपासना होती, हे नुसत्या शब्दावरून सांगताच येणार नाही, घरचीच माणसं सांगणार.

धोंडो केशव कर्वे मात्र राहून राहून आठवतात. जन्म १८ एप्रिल १८५८, विधवांच्या शिक्षणासाठी सगळं आयुष्य दिलं, शंभरीला भारतरत्न मिळालं आणि गेले १९६२ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी. त्यांना हे नाव कुठल्या दारातून आलं ते बाजूला ठेवू, पण दगडासारखं टिकू दे म्हणून नाव ठेवणाऱ्या सगळ्या आयांना हे आयुष्य दाखवावंसं वाटतं.

इथं एक फार मोठा फरक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नकुशा, नकोशी, नकोसा ही नावं दिसायला याच रांगेतली वाटतात. वाईट अर्थाचं नाव, झालं. बऱ्याच ठिकाणी मी वाचलंय की दगडू, केरू आणि नकुशा एकाच दमात लिहून टाकतात. पण ही उलट्या दिशेची नावं आहेत. दगडूला नाव ठेवणारी आई जगाशी खोटं बोलते, हे नकोसं आहे असं दाखवते कारण तिला ते जिवापेक्षा प्यारं आहे. नकुशाला नाव ठेवणारे खरं बोलतात. तिसरी-चौथी पण मुलगीच झाली, आता देवा मुलगी नको, हे देवाला सांगायला त्या मुलीलाच निरोप करून टाकायचं, आणि तो निरोप तिनं शाळेच्या हजेरीत, रेशन कार्डावर, लग्नाच्या पत्रिकेत आयुष्यभर वागवायचा.

हेही फक्त आपल्याकडचं नाही. बंगालीत आन्नाकाली, म्हणजे "आर ना काली", आणखी नको गं काली. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं, पुरे. तमिळनाडूत वेंडाम, सरळ सरळ "नको". २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेनं जिल्ह्यातल्या नकुशा शोधून काढल्या, अडीचशेच्या वर निघाल्या, आणि कार्यक्रम घेऊन त्यांना नवीन नावं दिली, नवीन नावाची प्रमाणपत्रं दिली. बऱ्याच मुलींनी आपली नावं स्वतः निवडली. कुठली लहान पोरं नव्हे, दहावी-बारावीतल्या मुली सुद्धा होत्या, दहा-बारा वर्षं वर्गात "नकुशा" अशी हाक ऐकून "हजर" म्हणणाऱ्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षं आधी ९१३ होत्या. म्हणजे ते नाव हवेतून आलेलं नव्हतं. दगडू नाव बदलू नका असं मी म्हणेन, नकुशा मात्र आजच्या आज बदला, राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज ऑनलाइन होतो, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता दुसऱ्या प्रकारची नावं, ज्यांचा अर्थ आपल्याला लागत नाही कारण आपण ती संस्कृतात शोधतो आणि ती तिथली नसतातच. मराठी नावांत फारसी आणि अरबी शब्द किती मुरलेत ते बघितलं की थक्क व्हायला होतं. सगळ्यात मोठं उदाहरण शहाजीराजे. मालोजीराजांना मूल होत नव्हतं तेव्हा अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पीराला नवस केला आणि मग दोन मुलगे झाले, त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी, अशी हकिकत बखरींमधून आलेली आहे. शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले. पण नाव राहिलं, ते पुढं शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या घराण्यात तंजावरला गेलं आणि तिथं सरफोजी झालं, सरफोजी हे शरीफजीचंच रूप मानतात. तिथल्या पंडितांनी त्याला संस्कृत साज चढवून शरभोजी केलं, शरभ म्हणजे पुराणातला आठ पायांचा प्राणी. तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी वाढवलं ते दुसरे सरफोजी, त्यांच्या वैद्यकाच्या ग्रंथांना तर शरभेंद्र असंच नाव आहे. बघा, नगरच्या दर्ग्यातून निघालेलं एक नाव कावेरीकाठी जाऊन संस्कृत साजात वैद्यकाच्या ग्रंथांवर बसलं, आणि एखाद्यानं आज फक्त शरभोजीचा अर्थ शोधला तर त्याला आठ पायांचा प्राणी मिळेल आणि नवस करणारी आई-बाप मिळणारच नाहीत.

आळंदीहून पंढरपूरला ज्ञानोबांची पालखी आज ज्या थाटात जाते, दिंड्यांची शिस्त, घोडे, पादुका पालखीत, ती रीत घालून देणारे हैबतबाबा, साताऱ्याकडच्या आरफळचे, आधी शिंद्यांच्या पदरी होते. हैबत हा अरबी शब्द, अर्थ धाक, दरारा. वारकऱ्यांच्या तोंडी ते नाव इतकं गोड झालंय की त्यात दरारा आहे हे लक्षात सुद्धा येत नाही. पिराजीमध्ये पीर आहे. सर्जेराव मधला सर्जा फारसी शर्झा वरून, सिंहासारखा, तोच सर्जा आपल्या सर्जा-राजा बैलजोडीत येऊन बसलाय. आणि १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर चाकणचा किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजवणारे फिरंगोजी नरसाळा, त्यांच्या नावातली फिरंग म्हणजे सरळ पात्याची परदेशी तलवार, फिरंग्यांकडून आलेली म्हणून फिरंग. नाव ऐकून परदेशी माणूस वाटतो आणि नाव आहे तलवारीचं.

तिसरा गट म्हणजे झिजलेली नावं. नदीतला गोटा कसा घासून घासून गुळगुळीत होतो तशी संस्कृत नावं शेकडो वर्षं तोंडात घोळून वेगळीच झाली, आणि आता ती आपल्याला अडाणी वाटतात. रुक्मिणीची रखमा झाली, रुक्म म्हणजे सोनं, म्हणजे रखमा म्हणजे सोन्यानं मढलेली, आणि आपण रखमा म्हटलं की भांडी घासणारी बाई डोळ्यापुढं आणतो हा आपला दोष. कृष्णाचा कण्ह आणि कण्हाचा कान्हो, त्यावरून कान्होजी, कान्होपात्रा. यशापासून येसू, येसाजी, म्हणजे येसूबाई आणि यशस्विनी एकाच मुळाच्या. सखीची झाली सई, शिवाजीराजांच्या पहिल्या राणीचं नाव, अर्थ मैत्रीण, आणि गंमत म्हणजे हे नाव मध्यंतरी जुनाट म्हणून मागे पडलं आणि आता परत पाळणाघरात दोन-दोन सई असतात. मल्हारचं पण तसंच, मल्ल नावाच्या दैत्याचा अरी, म्हणजे शत्रू, तो मल्हारी, म्हणजे खंडोबा, पण आज नाव ठेवणाऱ्या अनेकांच्या मनात मल्हार राग असतो आणि पावसाची सर असते. दोन्ही चालतं, नावाला दोन बाप असले तर बिघडत नाही.

पदव्या पण अशाच झिजलेल्या. राव म्हणजे राजा, पंत म्हणजे पंडित.

या गटातली एक गोष्ट मला रात्री झोपताना पण आठवत राहते. संत चोखामेळा, चौदाव्या शतकातले, ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, त्यांचं नाव चोखा. चोखा म्हणजे शुद्ध, ज्यात भेसळ नाही असा, आजही आपण चोख सोनं, चोख काम म्हणतो. त्यांच्या बहिणीचं नाव निर्मळा, म्हणजे मळ नसलेली. पत्नी सोयरा, म्हणजे नात्याची, आपली. ज्या घराला सगळा गाव विटाळ म्हणत होता त्या घरात भावाचं नाव शुद्ध, बहिणीचं नाव निर्मळ आणि सुनेचं नाव सोयरी. आणि हे तिघंही अभंग लिहीत होते, चोखा आणि निर्मळा तर अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालत होते, म्हणजे तो शब्द परत परत म्हटला जात होता. नावाचा अर्थ लावायचा म्हणजे काय, तर हे बघायचं की ते कुणाच्या तोंडी होतं आणि समोर कोण उभं होतं.

गावाचा आणि वाराचा पत्ता सांगणारी नावंही असतात. रवळू नाव ऐकलं की माणूस तळकोकणातला किंवा गोव्याकडचा, घरात रवळनाथाची जाग असणार. मंगेश मूळचा गोव्यातल्या कुठ्ठाळीचा, पोर्तुगीजांच्या काळात १५६० च्या सुमारास देव तिथून हलवून प्रियोळला नेला, आणि नाव कसं पडलं त्याची तिकडची कथा अशी की वाघाला घाबरून पार्वती "त्राहि मां गिरीश" म्हणाली, त्यातलं "मां गिरीश" देवाला चिकटलं. म्हसू म्हसोबाचा, खंडू खंडोबाचा. जोतीराव फुल्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, तो जोतिबाच्या यात्रेचा दिवस होता म्हणून जोती हे नाव, असं सांगतात. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या, ही पद्धत ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत अगदी अलीकडेपर्यंत होती.

बायकांच्या नावांचा एक वेगळाच पेच आहे, तो वंशावळ शोधताना फार त्रास देतो. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवीन नाव लिहायचं आणि जुनं नाव त्या दिवशी संपलं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशी, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या, त्याही माहेरच्या यमुना. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई, त्या लग्नानंतर आनंदी झाल्या. म्हणजे आपल्या इतिहासात दोन यमुना आणि एक गोदा वाहून गेल्या आणि वर फक्त रमा आणि आनंदी दिसतात. त्यामुळे पणजीचं नाव शोधत असाल तर सासरच्या कागदात थांबू नका, तिच्या भावाच्या नातवंडांना विचारा, तिथं ती अजून तिच्या जुन्या नावानं असते.

आता आजच्या नावांबद्दल बोलतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. नवीन आई-बाबांना वेगळं नाव हवं असतं आणि बऱ्याचदा अक्षर ठरलेलं असतं. ते अक्षर येतं कुठून? सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकूण १०८ चरण आणि प्रत्येकाला एक अक्षर नेमलेलं. अश्विनीला चू, चे, चो, ला असं सोपं येतं, पण हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ, आर्द्राला कु, घ, ङ, छ आणि उत्तरा भाद्रपदेला दू, थ, झ, ञ. आता ण वरून किंवा ङ वरून नाव आणायचं कुठून? म्हणून पूर्वी जन्मनाव वेगळं आणि हाकेचं नाव वेगळं असायचं, पत्रिकेतलं पत्रिकेत राहायचं. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून एकाहून जास्त नावं सांगते त्याचं एक कारण हेही आहे. आता एकाच नावात सगळं बसवायचं म्हणून लोक मोबाइल उघडतात आणि तिथल्या याद्यांमधून नाव घेतात.

त्या याद्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आरव हे नाव बघा, अनेक याद्यांत अर्थ दिलेला असतो शांत, शांतिप्रिय. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा, एकदम उलटा अर्थ. अनय चा अर्थ काहीतरी मंगल दिलेला असतो, शब्दकोशात अनय म्हणजे अन्याय, अनीती, आणि आपल्या गवळणींमध्ये अनय हे राधेच्या नवऱ्याचं नाव. मायरा हे नाव तर एका इंग्रज कवीनं चारशे वर्षांपूर्वी आपल्या कवितेसाठी बनवलेलं, आणि राजस्थानात मायरा म्हणजे भाचरांच्या लग्नात मामानं आणलेला आहेर. यातलं कुठलंही नाव ठेवू नका असं मी म्हणत नाहीये. आरव छान नाव आहे, बाळ ओरडतंच, आणि घराला आवाज हवाच असतो. फक्त अर्थ खरा माहीत असावा, मुलगा मोठा होऊन विचारेल तेव्हा काय सांगणार. बघायचं असेल तर एखादा चांगला संस्कृत-मराठी शब्दकोश उघडून तो शब्द तिथं आहे का ते बघा, नाव दोन तुकड्यांत तोडून "अमुकचा अंश" असा अर्थ कुणी सांगत असेल तर दोन्ही तुकडे वेगवेगळे शोधा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्येला फोन करा, पण लवकर करा, ही माहिती कागदावर नसते.

आमच्या वारस नोंदीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याला वकिलाकडे गेलो, आजी पण सोबत होती कारण तिचा अंगठा हवा होता. कुठल्या तरी कागदावर टाइप करताना कुणीतरी उकर्डाचं उंकडा केलेलं होतं, त्यामुळे वकील म्हणाले की मयताचं बरोबर नाव काय ते आजीबाईंनीच एकदा सांगावं. आणि अडचण ही की आमच्या आजीनं साठ-पासष्ट वर्षांच्या संसारात आजोबांचं नाव कधी तोंडानं उच्चारलेलंच नाही, ते असताना नाही आणि ते गेल्यावर पण नाही. माझा चुलतभाऊ पुढे झाला आणि म्हणाला मी सांगतो, उकर्डा, उकर्डा लिहा, उत्तमराव नको. वकील म्हणाले त्यांच्याकडूनच ऐकतो.

आजीनं पदर सारखा केला, क्षणभर खाली बघितलं, आणि मग उखाण्यात म्हणाली,

"सूपभर जवारी देऊन सासूनं सोडवला ठेवा,
उकर्डारावांचं नाव घेते, कागदावर लिहून ठेवा."